पाम तेलाची मिल हिरवी कधी म्हणावी?

सांगलीकडच्या एका तरुण केमिकल इंजिनिअरने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काही हंगाम काढल्यावर त्याला तेलंगणातल्या एका नव्या पाम तेल मिलमध्ये नोकरी चालून आली आहे. पाम तेल म्हटलं की जंगलतोड, ओरांगउटान आणि वणवे, एवढंच त्याने आजवर ऐकलं होतं. मुलाखतीत मात्र सगळे सांगत होते की हा उद्योग आता शाश्वत झाला आहे, हरित अर्थव्यवस्था यातूनच वाढणार आहे. यात खरं किती, आणि मिलमधल्या इंजिनिअरच्या हातात त्यातलं काय असतं, हे त्याला जाणून घ्यायचं आहे.

मी नागपूरच्या एलआयटीत तेल तंत्रज्ञान शिकलो. नंतरची बहुतेक नोकरी मलेशियातलं सबा, इंडोनेशियातलं सुमात्रा आणि शेवटी गोदावरी खोऱ्यातल्या मिलमध्ये झाली, तीही वाफ आणि सांडपाणी या दोन विभागांत. त्यामुळे माझं उत्तर त्याच दारातून येईल.

आधी निकाल सांगतो. पाम तेल शाश्वत करता येतं, ते होताना मी पाहिलं आहे. पण त्यातला सगळ्यात मोठा निर्णय मिलचं भूमिपूजन होण्याआधीच झालेला असतो: झाड कुठल्या जमिनीवर लावलं. दुसरा मोठा निर्णय मिलच्या मागच्या सांडपाण्याच्या तळ्यात होतो. तो पूर्णपणे आपल्या हातात असतो, आणि नेमका तोच पाहुण्यांना दाखवला जात नाही. या दोन्हींचं वजन किती, ते आकड्यांत मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

एक टन कच्चं पाम तेल काढायला साधारण ५ टन फळांचे घड लागतात. टनभर घडामागे ०.६५ घनमीटरच्या आसपास सांडपाणी निघतं, म्हणजे टनभर तेलामागे सव्वातीन घनमीटर. हे पाणी उघड्या तळ्यात कुजत ठेवलं, तर प्रत्येक घनमीटरमागे सुमारे २८ घनमीटर वायू वर येतो आणि त्यात साठेक टक्के मिथेन असतो. हिशेब केला तर टनभर तेलामागे ३६-३७ किलो मिथेन हवेत जातो. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा. म्हणजे एका टन तेलामागे जवळपास १ टन कार्बन डायऑक्साइडचा बोजा फक्त तळ्यातून येतो.

आता जमीन. सुमात्रा आणि बोर्निओत मोठमोठे दलदलीचे पट्टे आहेत. तिथे हजारो वर्षं पडलेलं लाकूड आणि पाला पाण्याखाली न कुजता साचला आहे, काही ठिकाणी अनेक मीटर जाडीचा. याला पीट म्हणतात. पाम लावायचा तर तिथे चर खणून पाणी उतरवावं लागतं. पाणी उतरलं की तो साचलेला कार्बन हवेशी गाठ पडून जळू लागतो, ज्वाळेशिवाय, वर्षानुवर्षं. आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान तज्ज्ञ मंडळाने, अशा निचरा केलेल्या पाम मळ्यासाठी हेक्टरी वर्षाला ११ टन कार्बन हा आकडा धरला आहे, म्हणजे ४० टन कार्बन डायऑक्साइड. हेक्टरी ४ टन तेल मिळालं असं धरा. टनामागे १० टन झाले.

तळं एक टन, पीट दहा टन. पीटवर उभ्या असलेल्या मळ्याचा माल घेणारी मिल कितीही आधुनिक असो, तिने छतावर सोलर लावो की तळ्यावर आच्छादन घालो, ती आपल्या वाट्याचा एक टन कमी करू शकते. बाकीच्या दहा टनांना ती हातही लावू शकत नाही. २०१५ मध्ये इंडोनेशियात २६ लाख हेक्टर जळालं. सगळी आग पामसाठी लागलेली नव्हती, पण निचरा होऊन वाळलेल्या पीटमुळेच ती महिनोन्महिने विझत नव्हती. जागतिक बँकेने नुकसान १६ अब्ज डॉलरच्या घरात मांडलं होतं. त्यानंतर नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. २००४ साली स्थापन झालेल्या आरएसपीओ या प्रमाणन संस्थेने २०१८ पासून कुठल्याही जाडीच्या पीटवर नवी लागवड पूर्ण बंद केली आणि जंगल तोडून लागवड करण्यालाही दार लावलं.

मग पाम तेल सोडून दुसरं तेल का खाऊ नये, असं कुणी म्हणेल. सोयाबीन हेक्टरी अर्धा टनसुद्धा तेल देत नाही. पाम चांगला पिकला तर तीन-चार टन देतो. तेलबियांखाली असलेल्या जगातल्या जमिनीच्या दहा टक्क्यांहून कमी जागेत हे पीक वनस्पती तेलाचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा देतं. पामवर बहिष्कार घालून तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर जमीन कितीतरी पट लागेल, आणि ती कुठल्या तरी जंगलातून किंवा गवताळ माळातूनच येईल. म्हणून मी बहिष्काराच्या बाजूने कधीच नव्हतो. आधीच मोकळ्या असलेल्या किंवा शेतीखाली असलेल्या जमिनीवर पाम असेल, तर आपल्यासारख्यांच्या कामाला अर्थ येतो. तेलंगणातल्या तुमच्या मिलबाबत ही पहिली परीक्षा बऱ्यापैकी पार पडलेली आहे. तिथे पीट नाही, आणि पाम आला तो बहुतेक भात, मका, कापूस यांच्या शेतात. तुमची परीक्षा पुढची आहे.

मिलमध्ये काय चालतं ते आधी सांगतो. तुम्हाला त्यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. वीसेक किलोचे घड ट्रकमधून लोडिंग रॅम्पवर उतरतात, तिथून पिंजऱ्यांत भरून स्टरिलायझरमध्ये जातात. तीन बार दाबाची वाफ, १४० अंश, दीडेक तास. याने फळं देठापासून सुटतात आणि फळातलं लायपेज हे विकर (एन्झाइम) मरतं. मग स्ट्रिपर ड्रममध्ये फळं झडतात, डायजेस्टरमध्ये त्यांचा लगदा होतो, स्क्रू प्रेसमध्ये तेल पिळलं जातं, क्लॅरिफायरमध्ये ते पाणी आणि गाळापासून वेगळं होतं, व्हॅक्यूम ड्रायरमध्ये कोरडं होतं. प्रेसच्या चोथ्यातून तंतू वेगळे होतात, बिया फोडून गर आणि कवच वेगळं होतं. तंतू आणि कवच बॉयलरला जातात. टनभर घडाला अर्धा टन वाफ आणि वीसेक युनिट वीज लागते, ती यातून सहज भागते. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणारा कारखाना तुम्ही पाहिलाच आहे, इथेही बाहेरचा कोळसा लागत नाही. तेलाच्या टक्केवारीला इथे ओईआर म्हणतात, आपला साखर उताराच तो. चांगल्या मिलचा उतारा वीस टक्क्यांच्या आसपास असतो.

मिलमध्ये तेल काढताना कुठलंही रसायन वापरत नाहीत. तेल विरघळवून काढणारं हेक्झेन नाही, काही नाही. म्हणूनच अनेक व्यवस्थापक सांडपाण्याविषयी निर्धास्त असतात: ‘पाणी, थोडं तेल आणि फळाचा गाळ, यात विष कसलं?’ विष नाही हे खरं. पण या पाण्याचा, म्हणजे पोमचा, बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू जितका प्राणवायू खातात त्याचं माप, लिटरला २५,००० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, सीओडी (रसायनाने मोजलेली तीच गरज) त्याच्या दुप्पट, सामू चार-साडेचार, आणि ते प्लांटमधून बाहेर पडतं तेव्हा ८०-९० अंश गरम असतं. ओढ्यात गेलं की पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतं. डिस्टिलरीचं सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, याहून जहाल असतो, त्यामुळे डिस्टिलरीत काम केलेल्या माणसाला पोमची भीती वाटायचं कारण नाही. उलट तुमच्यासारख्यांची या उद्योगाला खरी गरज आहे, कारण पामवाली मंडळी तेलाची असतात, जिवाणूंची नसतात.

मलेशियाने हा प्रश्न कसा हाताळला ते प्रत्येक पर्यावरण अधिकाऱ्याला शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. सत्तरच्या दशकात तिथे मिल झपाट्याने वाढल्या आणि नद्यांचं सगळ्यात मोठं प्रदूषण पाम तेलाचं होऊन बसलं. १९७७ साली खास कच्च्या पाम तेल मिलसाठी नियम आले. त्यांची रचना शहाणपणाची होती. पहिल्या वर्षी बीओडीची मर्यादा ५,००० ठेवली, नंतर दरवर्षी खाली आणत १९८४ पर्यंत ती १०० वर आणली. सोबत परवाना फी सोडलेल्या बीओडीच्या टनावर बांधली, आणि मर्यादेपलीकडच्या टनाला दसपट दर लावला. कुणाला कुठलं तंत्र वापरायचं ते सांगितलं नाही. मुदत होती, भाव होता, आणि संशोधन संस्था मदतीला होती. मिल बंद पडल्या नाहीत, उत्पादन वाढतच राहिलं, आणि नद्यांवरचा बोजा उतरला.

पण त्या यशातून एक नवी अडचण जन्मली, आणि ती आजही तशीच आहे. १०० चा बीओडी गाठायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे मोठमोठी तळी. गरम पाणी थंड करायचं तळं, मग कुजवणीची पाच-सहा मीटर खोल तळी, ज्यांच्या तळापर्यंत हवा पोचत नाही, मग हवेशी खेळणारी उथळ तळी. जमीन भरपूर होती, ऊन भरपूर होतं. पाणी स्वच्छ झालं आणि मिथेन आकाशात गेला. त्या काळात मिथेन मोजत कोण होतं?

आता तळ्यावर आच्छादन घालून किंवा टाकीत कुजवून हा वायू पकडता येतो. तंत्रात काही गूढ नाही. वर्षाला दोन लाख टन घड गाळणाऱ्या मिलमध्ये यातून सतत चालणारी सुमारे १ मेगावॉट वीज निघू शकते. मलेशियाने २०१४ पासून नव्या मिलना आणि विस्ताराला मिथेन पकडणं बंधनकारक केलं. तरी तिथल्या साडेचारशेच्या आसपास मिलपैकी बहुसंख्य मिलची तळी उघडीच आहेत. कारण सरळ आहे आणि ते कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं: मिलला त्या विजेची गरज नाही. तंतू आणि कवचावर तिची वीज फुकट तयार होते. मिल असते मळ्याच्या मधोमध, ग्रिडची मोठी लाइन पंधरा-वीस किलोमीटर लांब. मग बायोगॅसवर कोट्यवधी घालून बनवलेली वीज विकायची कुणाला?

ज्या मिलने याचं उत्तर शोधलं तिथेच हरित अर्थव्यवस्था नावाची गोष्ट मला प्रत्यक्ष दिसली. एक उत्तर सबातल्या एका मिलमध्ये पाहिलं. बायोगॅस तिथे बॉयलरमध्ये तंतूबरोबर जाळायचे, त्यामुळे कवच शिल्लक पडायचं. पामचं कवच हे टणक, कमी ओलाव्याचं, उत्तम जळण आहे. जपानमधली बायोमास वीज केंद्रं ते जहाजांनी विकत घेतात. म्हणजे वायू विकता येत नसेल तर वायूने मोकळं झालेलं कवच विका. दुसरं उत्तर आपल्याकडे जास्त लागू पडतं: वायू शुद्ध करून दाबून सीबीजी म्हणून विकणे. २०१८ पासून केंद्र सरकारच्या ‘सतत’ (SATAT) नावाच्या योजनेखाली पेट्रोल विकणाऱ्या तेल कंपन्या तो घेतात, आणि गोदावरी-कृष्णा पट्ट्यात रस्ते, पंप, गिऱ्हाईक सगळं जवळ आहे. तुमची मिल सुमात्राच्या आडरानात नाही, हा तुमचा मोठा फायदा. पोमच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड दोन-तीन हजार पीपीएम सहज असतो, त्यामुळे तो धुऊन काढणाऱ्या स्क्रबरवर पैसे वाचवणाऱ्यांचं इंजिन आणि कॉम्प्रेसर दोन्ही लवकर सडतात, हे तिथे गेल्यावर ठासून सांगा.

तळं कसं वाचायचं तेही सांगून ठेवतो, कारण कुठल्याही मिलमध्ये मी आधी तिथेच जातो. कुजवणीच्या निरोगी तळ्यावर बुडबुड्यांची बारीक, सारखी उसळी दिसते, तपकिरी साय पातळ असते. सायीचा जाड थर बसून त्यावर गवत उगवलं असेल तर समजा की वर्षानुवर्षं गाळ काढलेला नाही. कागदावर साठ दिवसांची मुक्कामक्षमता लिहिलेली असते, प्रत्यक्षात अर्धं तळं गाळाने भरलेलं असतं आणि पाणी वीस दिवसांत पुढे पळतं. बांबू किंवा पाइप घालून खोली मोजा, अंदाजावर विश्वास ठेवू नका. आच्छादन असेल तर ते फुगलेलं आहे की सुरकुतलेलं, जादा वायू जाळणारा फ्लेअर पेटलेला आहे की त्याच्या तोंडाशी गंज आणि कोळ्याची जाळी आहे, हे बघा. गॅस मीटरची नोंदवही मागा आणि ती घडाच्या आवकेच्या नोंदीशेजारी ठेवा. घड वाढले आणि गॅस वाढला नाही, तर कुठेतरी गळती आहे किंवा बायोगॅसचा डायजेस्टर आंबट झाला आहे. वाष्पशील आम्ल आणि अल्कलिनिटीचं गुणोत्तर ०.३ च्या वर जाऊ द्यायचं नाही, हा तुमचा डिस्टिलरीतला नियम इथेही तसाच चालतो.

फळं काढून घेतलेल्या रिकाम्या घडाविषयीही बोलायला हवं, कारण वजनाने कचऱ्यात तो मोठा: टनभर घडात २२० किलोच्या आसपास. पूर्वी तो जाळून राख मळ्यात टाकायचे. त्यात पोटॅश भरपूर असतं, म्हणूनच त्याच्या पेलेट करून बॉयलरला घालायच्या योजना फसतात. पोटॅशमुळे राख वितळून नळ्यांवर चिकटते. माझ्या मते त्याची योग्य जागा मळ्यातच आहे, एकतर झाडांच्या ओळींत आच्छादन म्हणून, किंवा पोम शिंपडून दोन-अडीच महिन्यांत केलेलं कंपोस्ट म्हणून. आच्छादन एकाच थरात पसरायचं. ढीग केला की त्यात गेंडा भुंगा अंडी घालतो, आणि तो भुंगा पुढे झाडाचं काय करतो ते कोकणातल्या नारळवाल्याला विचारा. मळ्यात परत गेलेलं पोटॅश म्हणजे तेवढं आयात खत वाचलं. रशिया, बेलारूस, कॅनडाहून येणाऱ्या म्युरेट ऑफ पोटॅशचा भाव ज्याने भरला आहे त्याला ही बचत समजावून सांगावी लागत नाही.

एक धोक्याची गोष्ट. तळ्यावर तरंगणारं तेल गोळा करून ‘पोम ऑइल’ म्हणून विकतात आणि युरोपात जैवइंधनासाठी ते टाकाऊ माल म्हणून चढ्या भावाने जातं. कल्पना चांगली आहे. पण टाकाऊ तेलाला भाव मिळू लागल्यावर चांगलं तेल टाकाऊच्या नावाने जाण्याचा मोह होतो. इंडोनेशियातून होणारी निर्यात मिलमधून निघू शकेल त्यापेक्षा जास्त दिसू लागली, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने त्यावर निर्बंध घातले. तुमच्या मिलमध्ये सांडपाण्यात जाणारं तेल हे नुकसान म्हणूनच मोजलं गेलं पाहिजे. त्याला उत्पन्नाच्या रकान्यात कायमची जागा मिळाली की प्रेस आणि क्लॅरिफायर सुधारायची कुणाला घाई राहत नाही.

आता ताज्या फळाकडे येतो. माझ्या अनुभवात शाश्वत प्रक्रियेचा सगळ्यात दुर्लक्षित धागा हाच आहे. पिकलेल्या फळाला मार बसला किंवा ते पडून राहिलं की लायपेज तेलाचे तुकडे करू लागतं. मोकळी आम्लं, म्हणजे एफएफए, वाढतात. शिवाय डायग्लिसराइड, म्हणजे तेलाचे अर्धवट तुटलेले रेणू, वाढतात. कच्च्या तेलात ५ टक्क्यांपर्यंत एफएफए व्यापारात चालतं. पण वाढलेल्या एफएफएचं तेल रिफायनरीत जास्त वेळ, जास्त तापमानावर शिजवावं लागतं, जास्त वाफ आणि जास्त ब्लीचिंग माती खातं, आणि त्यातला जास्त भाग फॅटी ॲसिड म्हणून बाजूला पडतो. डायग्लिसराइडपासून २३० अंशांच्या पुढे ग्लायसिडिल एस्टर बनतात. ते आरोग्याला घातक असल्याने युरोपने २०१८ पासून तेलात त्यांच्यावर किलोला १,००० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. रिफायनरीतली मंडळी मग महागड्या दुरुस्त्या शोधत बसतात. मूळ मात्र मळ्यात तीन दिवस पडून राहिलेल्या घडात असतं.

गोदावरी खोऱ्यातल्या एका मिलसमोर मी पावसाळ्याच्या ऐन आवकेत ट्रॅक्टरची रांग पाहिली आहे. वजनकाट्यापासून मुख्य रस्त्यापर्यंत. घड नारिंगी असायला हवेत ते काळपट पडलेले, ट्रॉलीच्या तळाशी सुटलेली फळं आंबून त्यांचा रस टपकत होता, आणि आंबूस वास लांबून येत होता. प्रत्येक सुटं फळ घडातल्या फळापेक्षा तेलाने भरलेलं असतं, तेच आधी वाया जातं. मिलची क्षमता कमी, कापणीचं वेळापत्रक कुणीच ठरवलेलं नाही, आणि संध्याकाळी प्रतवारी करणारा माणूस त्याच घडांची कपात लिहितो. कापणीच्या टोळ्यांना दिवस वाटून दिले, गावोगाव गोळा-केंद्रं केली आणि घड चोवीस तासांत स्टरिलायझरमध्ये पोहोचवले, तर उतारा वाढतो, एफएफए घसरतं, सांडपाण्यातलं तेल कमी होतं. यात एक रुपयाचंही यंत्र नाही. तुम्ही ऊस तोडणीचा कार्यक्रम जवळून पाहिला आहे, तो अनुभव इथे सोन्यासारखा आहे.

इथून गोष्ट शेतकऱ्याकडे वळते, आणि माझ्या लेखी तिथेच हरित अर्थव्यवस्थेचा कस लागतो. इंडोनेशियात पामखालच्या जमिनीपैकी सुमारे ४० टक्के छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. जगातलं पाचव्या हिश्श्याच्या आसपास तेल आरएसपीओ प्रमाणित आहे, पण त्यात या छोट्यांचा वाटा फार थोडा, कारण कागदपत्रं, नकाशे, गट बांधणी, ऑडिट यांचा खर्च त्यांना झेपत नाही. युरोपचा जंगलतोडमुक्त मालाचा कायदा ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जमिनीवरचा माल नाकारतो आणि प्रत्येक शेताचे अक्षांश-रेखांश मागतो. अंमलबजावणी लांबणीवर पडत आली आहे. हेतू योग्यच आहे. पण शेताचा नकाशा काढून द्यायला मिलने मदत केली नाही, तर मोठ्या मळ्यांचा माल युरोपला जाईल आणि गरीब शेतकऱ्याचा माल जिथे कुणी विचारत नाही तिथे जाईल. जिथे कुणी विचारत नाही अशा बाजारांत आपला भारत पहिला येतो. आपण वर्षाला ७५ ते ९० लाख टनांच्या घरात पाम तेल आणतो, जगात सगळ्यात जास्त. ते फरसाण, बिस्किटं, साबण, हॉटेलची कढई यांत जातं, आणि भाव सोडून त्याच्याविषयी आपण काहीच विचारत नाही.

आपल्याकडची लागवड वाढवायला ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटींचं राष्ट्रीय खाद्यतेल – ऑइल पाम अभियान मंजूर झालं. साडेसहा लाख हेक्टर नवी लागवड हे त्याचं उद्दिष्ट. रोपांची मदत हेक्टरी १२,००० वरून २९,००० रुपये झाली, आणि घडाचा भाव कच्च्या तेलाच्या पाच वर्षांच्या सरासरी किमतीच्या १४.३ टक्क्यांशी बांधून फरक भरून द्यायची तरतूद झाली. ही तरतूद मला या योजनेतली सगळ्यात मोलाची वाटते. पामला फळ यायला तीन-चार वर्षं लागतात आणि झाड पंचवीस वर्षं उभं राहतं. इतका काळ शेतकरी क्वालालंपूरच्या भावावर टांगून राहू शकत नाही. २०२२ मध्ये इंडोनेशियाने एप्रिलअखेर निर्यात बंद केली आणि महिन्याच्या आत उघडली. आपणही सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं आणि मे २०२५ मध्ये १० वर आणलं. पंचवीस वर्षांचं पीक आणि आठ महिन्यांचं धोरण यांची सांगड बसत नाही.

शिवाय झोनबंदी आहे. तुमच्या भागात साखरेची झोनबंदी उठवायला शेतकरी किती वर्षं भांडले ते तुम्हाला ठाऊक आहे. पामसाठी प्रत्येक मिलला मंडलं (तालुक्यासारखे विभाग) वाटून दिलेली असतात आणि घड चोवीस तासांत गाळायचा असल्याने शेतकऱ्याला दुसरीकडे जाता येत नाही. ही सक्ती पिकाच्या स्वभावातून येते, हे मला मान्य आहे. म्हणूनच त्या मिलचा वजनकाटा, प्रतवारी आणि उतारा शेतकऱ्यासमोर उघडा असायला हवा. दिवसाचा ओईआर मिलच्या फाटकावर लिहायला काय हरकत आहे?

पाण्याचा मुद्दा गंभीर आहे. हेक्टरी १४३ झाडं, आणि उन्हाळ्यात झाडाला दिवसाला दोनशे लिटर किंवा त्याहून जास्त. भात किंवा उसाच्या जागी ठिबकवर पाम आला तर पाणी वाचतं. कोरडवाहू कापसाच्या जागी बोअर मारून आला तर भूजल उपसलं जातं, आणि त्या तेलाला शाश्वत म्हणायचं धाडस मी करणार नाही. ईशान्येकडचा विस्तार मला याहून जास्त चिंतेचा वाटतो. मिझोराममध्ये डंपा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास पक्ष्यांचा अभ्यास झाला तेव्हा पामच्या बागांपेक्षा झूम, म्हणजे फिरत्या शेतीच्या, पडीक रानात जंगलातले पक्षी जास्त आढळले होते. तिथे मिल लांब, रस्ते डोंगरी, घड चोवीस तासांत पोहोचणार कसे? गोव्यात सत्तरीकडेही पामच्या बागा आहेत. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी त्या वाढवायचं कुणी बोलू लागलं, तर जुनी काजू-सुपारीची जागा आणि रान यांतला फरक आधी नकाशावर आखून घ्यावा.

मजुरांविषयी एवढंच: २०२० मध्ये अमेरिकेने सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून दोन मोठ्या मलेशियन कंपन्यांचं पाम तेल बंदरात अडवलं होतं. त्यानंतर कामगारांचे पासपोर्ट परत मिळाले, भरतीची फी कंपन्यांनी त्यांना भरून दिली. कार्बनचा हिशेब चोख ठेवणाऱ्या उद्योगाने माणसाचाही ठेवायलाच हवा. कंत्राटी लोडिंग कामगारांची हजेरी कोण लिहितं, ते तुमच्या मिलमध्येही बघा.

नोकरी घ्या, असंच मी म्हणेन. तुमच्या पिढीतल्या सांडपाणी जाणणाऱ्या इंजिनिअरला इतकं काम दुसऱ्या फार थोड्या उद्योगांत मिळेल. फक्त होकार देण्याआधी दोन गोष्टी करा. कंपनीची आधी चालू असलेली एखादी मिल जुलै-ऑगस्टमध्ये बघायला मागा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आवक कमी असते, तेव्हा प्रत्येक मिल नीटनेटकी दिसते. आणि नव्या मिलच्या आराखड्यात बायोगॅस पहिल्या दिवसापासून आहे की ‘दुसऱ्या टप्प्यात’ लिहिला आहे ते विचारा. दुसरा टप्पा लिहिला असेल, तर तळ्यासाठी राखलेली जमीन, पाइपची वाट आणि सीबीजी कॉम्प्रेसरची जागा नकाशावर आत्ताच आखून द्यायला सांगा, कारण मिल उभी राहिल्यावर तिथे गोदाम बांधून झालेलं असतं.